विहीणबाईंच्या लग्नाबद्दल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विहीणबाई पुन्हा लग्न करणार असल्याचे सांगताना तू हसलास आणि सूनबाई एरवीसारखी मध्ये काहीच बोलली नाही, ते मनातून जाईना. म्हणून काल बासू चटर्जींचा १९७८ सालचा ‘खट्टा मीठा’ पुन्हा पाहिला. मुंबईतला पारशी विधुर होमी मिस्त्री याला चार मुलगे, विधवा नर्गिस सेठनाला दोन मुलगे आणि एक मुलगी. या दोघांच्या लग्नाने सात भावंडांचे एक घर होते. होमी झालेले अशोककुमार तेव्हा पासष्टीच्या पुढचे होते, नर्गिस झालेल्या पर्ल पदमसी पंचेचाळिशीच्या. तरीही दोघांचे वय झाकण्याची धडपड चित्रपटात कुठेच दिसत नाही.

तरुणपणी पाहिला तेव्हा मला राकेश रोशन आणि बिंदिया गोस्वामी यांचेच प्रेम दिसले होते. या वेळी लक्षात आले की हसू येते ते मुलांच्या रुसव्याफुगव्यांचे आणि अपुऱ्या जागेतल्या कुरबुरींचे. त्या दोघांचे हसे दिग्दर्शक होऊ देत नाही. बासूदा चित्रपटांत येण्यापूर्वी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रे काढत असत. माणसाची खोड नेमकी पकडायची, पण त्याला विद्रूप करायचे नाही, हे त्यांना तिथेच साधले असावे.

आपल्याकडे अण्णासाहेब कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी विवाह केला, याचा अभिमान आपण सगळेच बाळगतो. मात्र तो सगळा वाद प्रामुख्याने तरुण विधवांसाठी होता. ‘पुढचे सारे आयुष्य कसे जाईल’ हा प्रश्न तेव्हा पटण्याजोगा होता. लेकीचे लग्न करून दिलेल्या बाईलाही संध्याकाळी बोलायला कोणी हवे असते, याची बाजू कोणी फारशी मांडलेली मला ठाऊक नाही. नर्गिसची मुले तिच्यावर रागावतात, तेव्हा त्यांनाही आई हवीच असते, फक्त ती पूर्वीसारखी, केवळ आपलीच. सूनबाईच्या गप्प राहण्यामागे हेच असेल, तर तिला समजावण्याची घाई करू नकोस.

चित्रपट तुम्ही दोघांनीच पाहा. विहीणबाईंना सोबत बसवू नका, नाहीतर त्या बिचाऱ्या सारखे तुमच्याच चेहऱ्यांकडे पाहत राहतील. त्यांचे केळवण मी आपल्या घरी करणार आहे. त्यांना विचारून तारीख कळव, आणि पुरणपोळी की श्रीखंड, तेही विचार.

तुझी,
आई