रेषेलगतचा बचाव आणि पंचाची नजर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू बास्केटबॉलचे पंचकाम सुरू केल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, साइडलाइनने (मैदानाच्या बाजूच्या सीमारेषेलगत) निघालेला खेळाडू आणि त्याची वाट अडवणारा बचावपटू यांची धडक झाली, तर फाउल कोणाचा, हा तू विचारलेला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तिथे शिट्टी चुकली, तर नियमात राहून मेहनतीने बचाव करणाऱ्यावरच अन्याय होतो.

बचावपटूने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पावले जमिनीवर टेकवली की त्याने कायदेशीर जागा मिळवली, असे मानले जाते. त्यानंतर त्याने पुतळ्यासारखे उभेच राहावे, असे नियमात कुठेही नाही. धडक टाळण्यासाठी किंवा वाट अडवून ठेवण्यासाठी तो बाजूला सरकू शकतो, मागे हटू शकतो, सरळ वर उडीही मारू शकतो. त्यामुळे प्रेक्षकांतून ‘तो हलत होता!’ असा कितीही ओरडा झाला, तरी तेवढ्यावरून ब्लॉकिंग, म्हणजे वाट अडवल्याचा बचावपटूचा फाउल, देऊ नकोस. शिवाय ज्याच्या हाती चेंडू आहे, त्याला अडवताना वेळ आणि अंतर यांचा विचार होत नाही. आपल्याला कोणीही कोणत्याही क्षणी अडवील हे त्याने गृहीत धरायचे असते आणि थांबण्याची किंवा दिशा बदलण्याची तयारी ठेवायची असते. बचावपटू स्पर्श न करता आधी तिथे पोहोचला असेल आणि त्याच्या धडावर धडक बसली असेल, तर ते चार्जिंगच, म्हणजे धडक देणाऱ्या ड्रिबलरचा फाउल.

आता रेषेकडे वळू. सीमारेषा मैदानात धरली जात नाही. तिला पाय लागला की खेळाडू बाहेर गेला. अमेरिकेतील शालेय स्पर्धांच्या नियमांत याविषयी एक प्रसंग अगदी स्पष्ट दिलेला आहे. बचावपटूने रीतसर जागा मिळवली आहे, तो ड्रिबलरच्या वाटेत टिकून आहे, पण धडावर धडक बसते त्या क्षणी त्याचे एक पाऊल साइडलाइनला टेकलेले आहे. अशा वेळी फाउल बचावपटूचा, कारण मैदानाबाहेर असलेल्याला कायदेशीर जागा मिळवताही येत नाही आणि राखताही येत नाही. मात्र तेच पाऊल रेषेपलीकडे हवेत असेल आणि दुसरे मैदानात टेकलेले असेल, तर फाउल ड्रिबलरचा. निकाल टाचेखालच्या बोटभर जागेवर ठरतो, आणि मला हे योग्यच वाटते: ज्या रेषेने ड्रिबलरची वाट संपते, त्या रेषेपलीकडे उभे राहून बचावपटूने ती अडवावी, हे न्याय्य कसे ठरेल?

त्याच नियमांनुसार बचावपटू आणि रेषा यांच्यामध्ये धक्का न लागता जाण्याइतकी जागा नसेल, तर ड्रिबलरने तिथून घुसण्याचा प्रयत्नच करायचा नसतो. पण स्पर्श न होता त्याचे डोके आणि खांदे बचावपटूच्या पुढे गेले, की नंतरच्या धडकेची अधिक जबाबदारी बचावपटूवर येते. मागे पडलेला बचावपटू कमरेने किंवा मांडीने त्याला रेषेबाहेर ढकलतो, ते बारकाईने पाहा. अशा वेळी पंच नुसता ‘चेंडू बाहेर’ असा इशारा करून मोकळा होतो, हे मला सर्वांत जास्त खटकते.

म्हणून नजर चेंडूवर खिळवू नकोस. बचावपटू वाटेत आला की आधी त्याची पावले पाहा, मग धडक धडावर बसली की खांद्याच्या कडेला, ते पाहा. त्यासाठी दोघांमधली फट दिसेल अशा कोनात उभा राहा, कारण कोणाच्या पाठीमागून ती दिसतच नाही.

तुझ्या ओळखीच्या प्रशिक्षकांनाही एक गोष्ट जरूर सांग. काही जण मुलांना ‘पाय रेषेवरच ठेव, म्हणजे तो निसटणार नाही’ असे शिकवतात. अमेरिकेतील त्या शालेय नियमांखाली ही सवय म्हणजे हातात असलेले चार्जिंग घालवून ब्लॉकिंग ओढवून घेणे आहे. पाऊल रेषेच्या आत टेकवूनही रेषेलगतची फट बंद करता येते.

तुझा स्नेही मित्र