गोळीच्या आधी

नागपूर,
18 मे

प्रिय दिलीप,

काल फोनवर काकूंचा आवाज ऐकला आणि रात्री झोप लागली नाही. काकांनी त्यांचा हात पिरगाळला, पासबुक चोरल्याचा आळ घेतला, आणि तू झोपेच्या गोळीचं विचारतोस. गोळीच्या आधी थोडं ऐकून घे गड्या. आईच्या आजारपणात हे सगळं आमच्या घरी होऊन गेलं आहे.

परवापर्यंत काका शांत होते म्हणालास ना? काकांना आहे तो डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, सहसा वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. माणूस दोन-चार दिवसांत असा पालटला तर शरीरात काहीतरी बिघडलंय का, ते आधी बघायचं. लघवीचं इन्फेक्शन, साफ न झालेलं पोट, दुखरी दाढ, रक्तातलं उतरलेलं सोडियम, नवीन सुरू झालेलं औषध. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनीसुद्धा या वयात भ्रम होतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा! तहान लागल्याचं त्यांना कळत नाही, कळलं तरी सांगता येत नाही. आईला आम्ही कूलरसमोर बसवून थोडं-थोडं पन्हं, ताक पाजत राहायचो. काकांची लघवी आणि रक्त उद्याच तपासून घे, आणि औषधांची अख्खी पिशवी डॉक्टरांसमोर ठेव.

पासबुकावरून वाद घालू नका. त्यांनीच ते कुठेतरी जपून ठेवलं असेल. ठेवल्याची आठवण गेली, समोर उरला तो रिकामा कप्पा. मग जो सतत जवळ असतो तोच चोर ठरतो. काकूंना हे पुन्हापुन्हा सांग, त्या मनाला फार लावून घेताहेत. "चला, दोघं मिळून शोधू," एवढंच म्हणायचं. बंद झालेल्या खात्याचं जुनं पासबुक हाताशी असू दे.

आणि हात पिरगाळला तेव्हा नेमकं काय चाललं होतं? आंघोळ? आईची मारामारी आंघोळीच्या वेळीच व्हायची. कोणीतरी आपलं लुगडं ओढतंय असं तिला वाटे. खांद्यावर टॉवेल राहू दिला, पाणी आधी पायांवर घातलं, हात लावण्याआधी सांगितलं, की ती निवळायची. दिवस कलला की इथल्या महाल भागातल्या वाड्यावर जायला निघायची. पिशवीत एक पेला आणि देवघरातली घंटी. "हेच तुझं घर" म्हटलं की अजून चिडायची. मी चपला घालून सोबत निघायचो, वाड्यातल्या विहिरीचं विचारायचो. कोपऱ्यापर्यंत जाऊन बोलत-बोलत परत. घरातले दिवे मात्र अंधार पडायच्या आधीच लावायचे, सावल्यांना ती घाबरायची.

गोळीला माझा सरसकट विरोध नाही. जिवावर बेतत असेल तर द्यावीच लागते. पण डिमेन्शियाच्या वृद्धांना अँटीसायकोटिक, म्हणजे भ्रम आणि आक्रमकपणा शमवणारी औषधं दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने यातल्या नव्या औषधांबद्दल 2005 मध्येच दिला आहे, आणि 2008 मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. काकांना नसलेली माणसं, जनावरं स्पष्ट दिसत असतील, चाल आखडली असेल, तर ते आवर्जून सांग. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखं अँटीसायकोटिक औषध फार महागात पडतं. डोस कमीत कमी ठेवायला सांग आणि बंद कधी करायचं ते पहिल्याच दिवशी विचारून घे.

तोवर एका वहीत लिहीत जा: केव्हा बिघडले, त्याआधी काय झालं, कशाने निवळले.

शनिवारी सकाळी मी वर्ध्याला येतो. दोन दिवस काकांजवळ मी बसतो, काकूंना त्यांच्या बहिणीकडे यवतमाळला पाठव. रिपोर्ट आले की लगेच व्हॉट्सॲपवर टाक.

तुझा,
श्रीराम