पाण्याचाच ठसका का लागतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतील पक्षाघातावरील लेखात, गिळताना त्रास होणाऱ्या रुग्णाला पाण्यासारखे पातळ पदार्थ द्यावेत, असा सरसकट सल्ला दिला आहे. हेतू चांगला असला तरी हा सल्ला अनेकांच्या बाबतीत उलटा पडू शकतो, म्हणून हे पत्र.

चावणे बऱ्याच अंशी आपल्या मर्जीने चालते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्यांपैकी पाचवी जोडी जबडा हलवते आणि दातांवर पडणाऱ्या दाबाची खबरही मेंदूला तीच देते. म्हणूनच घासात खडा लागला की विचार करण्याआधीच जबडा उघडतो. गाल सातव्या, तर जीभ मुख्यतः बाराव्या जोडीच्या हुकमावर घास पुन्हा पुन्हा दातांखाली सारत राहते. एवढ्या धांदलीत जीभ क्वचितच चावली जाते, याचेच खरे तर नवल वाटायला हवे.

जिभेने घास मागे ढकलला की मात्र आपला ताबा संपतो. मेंदूच्या तळाशी असलेली लंबमज्जा सूत्रे हाती घेते आणि सुमारे एका सेकंदात मऊ टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्र वर ओढले जाऊन त्यावरचे झाकण कलते आणि अन्ननलिकेचे तोंड उघडते. गळ्याच्या उंचवट्यावर बोट ठेवून आवंढा गिळल्यास स्वरयंत्राची ही उडी हाताला लागते.

पक्षाघातात स्नायूंची ताकद घटते, तशीच अनेकदा ही वेळही चुकते. पाणी घासासारखे एकसंध राहत नाही. श्वासमार्ग मिटण्याआधीच ते घशात ओघळते. दाटसर पदार्थ सावकाश सरकतो, पण घसा फारच दुबळा असेल तर तो तिथेच साचतो, त्यामुळे तोही सर्वांना चालतोच असे नाही.

माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर पाण्याचा ठसका लागे. काही दिवसांनी तो थांबला आणि आम्ही निर्धास्त झालो. प्रत्यक्षात घशाची संवेदनाच मंदावली होती. पाणी खोकला न येता फुप्फुसात उतरत होते, आणि हे कळले तेव्हा न्यूमोनिया झालेला होता.

तोंडाने काहीही देण्यापूर्वी रुग्णाच्या गिळण्याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, एवढी दुरुस्ती आपण पुढील पुरवणीत ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक