रविवारची बैठक: पार्श्वसंगीताची तोंडओळख

मंडळी, रविवारी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतावर बसायचं आहे, त्याची आठवण. वाद्य आणलं नाहीत तरी चालेल. कागद, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ मात्र हवंच.

पाठवलेला दीड मिनिटाचा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा, मग आवाजासह. संगीत कुठे सुरू व्हावं, कुठे थांबावं, एवढंच टिपून आणा. चाल तूर्त बाजूला ठेवा. (सुचेलच, आणि तिथेच सगळे फसतात.)

थोडं गणित लागेल. सिनेमाच्या सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र). लय मिनिटाला ९६ मात्रांची धरली तर एक मात्रा १५ चौकटींची. दार बरोबर १०व्या सेकंदाला उघडत असेल तर १६ मात्रा संपून चार-चारच्या पाचव्या गटाची पहिली मात्रा नेमकी दारावर पडते. लय ९० केलीत की तोच क्षण चौथ्या गटाच्या शेवटच्या मात्रेवर जातो आणि सम, म्हणजे पुढच्या गटाची पहिली मात्रा, येईपर्यंत दार उघडून झालेलं असतं. दोन्ही वाजवून ऐकू.

संवादाखाली ठसठशीत सुरावट नको, शब्द गिळले जातात.

१९६०च्या ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या प्रसंगाला दिग्दर्शक हिचकॉकना संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननी तरीही लिहिलं, तेही फक्त तंतुवाद्यांसाठी. ऐकल्यावर हिचकॉकनी मत बदललं. तेव्हा ‘इथे काही नको’ असं लिहिलंत तरी खोडरबर जवळ असू द्या.

फाईल उघडत नसेल तर शनिवारपर्यंत कळवा.