ठोका दोनदा का ऐकू येतो?

संपादक महोदय,

रॉक बँडच्या जगदौऱ्याच्या बातमीत तिकिटाचा दर ठळक छापून येतो. खरी कसरत असते ट्रकांची. यू-टू या आयरिश बँडच्या ‘३६०’ दौऱ्यात (२००९-११) ११० कार्यक्रम झाले. मंचावर उभा चार पायांचा पोलादी सांगाडा सुमारे ५० मीटर उंच, आणि असे तीन सांगाडे! एकावर गाणे चालू असताना दुसरा पुढच्या शहरात उभा राहायचा. ट्रक उलटे भरतात : दिवे-स्पीकर वर ओढून टांगणाऱ्या साखळी-मोटारी आधी लागतात, म्हणून त्या सगळ्यात शेवटी, दाराशी.

आपल्याकडे शिकण्याजोगी गोष्ट मात्र विलंबाची. मंचापासून १०० मीटरवर लावलेल्या स्पीकरपर्यंत वायर आवाज तत्काळ पोचवते, मंचावरचा आवाज हवेतून तिथे यायला मात्र जवळपास ०.३ सेकंद लागतात. ध्वनी-मिक्सरवर किंवा प्रोसेसरवर (आवाज नियंत्रित करणाऱ्या यंत्रांवर) त्या स्पीकरला तेवढा विलंब दिला नाही, तर मागे बसलेल्याला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मैदानांत हेच होते. शब्द कळेनात म्हणून आवाज वाढवला जातो, की गोंधळ दुप्पट! आणि पावसानंतर काळ्या जमिनीत स्पीकरच्या टॉवरच्या जॅकखाली (पायांच्या टेकूंखाली) जाड फळ्या नसतील, तर एक पाय खचतो आणि टॉवर कलतो. मैदानाची परवानगी देताना निदान या फळ्या तरी तपासाव्यात.

— मंडप व ध्वनियोजना करणारे काही व्यावसायिक, शहापूर, बेळगाव