रद्द करायचं बटण कुठे असतं?

प्रिय दोस्ता,

तुझा लांबलचक, वैतागलेला मेल वाचला. सदस्यत्व रद्द होत नाही, पासवर्ड लक्षात राहत नाही, नवी केबल जुनीपेक्षा हळू चार्ज करते आणि ग्राहकसेवेच्या चॅटमधला तो रोबो ‘मला समजलं नाही’ यापलीकडे काही बोलायला तयार नाही. सगळ्या तक्रारी रास्त आहेत. फक्त शेवटी जे लिहिलंयस, ‘आपल्या डोक्याला हे आता झेपत नाही बहुतेक’, तेवढं मागे घे.

मला विचारशील तर या कटकटी दोन जातींच्या असतात. काही यंत्राच्या स्वभावातच असतात. बॅटरीचं रसायन, रेडिओलहरी, मोजणीच्या पद्धती. तिथे चिडून फायदा नाही, स्वभाव कळला की निम्मा त्रास संपतो. दुसऱ्या जातीच्या कटकटी मात्र कुणीतरी खुर्चीत बसून, आकडे बघून, मुद्दाम घडवलेल्या असतात. आपण करतो काय, तर बिचाऱ्या यंत्रावर डाफरतो आणि मुद्दाम रचलेल्या चक्रव्यूहात अडकलो की स्वतःला बावळट म्हणवून घेतो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तुझं सदस्यत्व घे. घेताना एका टिचकीत काम झालं. सोडताना ‘खरंच जाताय?’, मग ‘हे सगळं गमवाल’, मग निम्म्या दराचं आमिष, मग कारणं विचारणारा फॉर्म. शेवटच्या पानावर भडक रंगातलं भलंमोठं बटण ‘राहायचंय’ म्हणणारं, आणि त्याच्या खाली फिकट राखाडी अक्षरांत, लाजत लाजत, ‘रद्द करा’. या असल्या युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल नावाच्या डिझायनरने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न’ असं नाव दिलं आणि त्यांचे नमुने जाहीरपणे गोळा करायला सुरुवात केली. म्हणजे हा प्रकार जुना, ओळखीचा आणि नाव ठेवण्याइतका सर्रास आहे.

याच्यातला सगळ्यात गमतीशीर किस्सा अमेरिकेतला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला. प्राइमचं सदस्यत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीत आतल्या आत ‘इलियड’ म्हणत, असं त्या दाव्यात नमूद होतं. इलियड म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं ते न संपणारं महाकाव्य. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी की कपाळावर हात मारावा? सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे ठरले. जर्मनीने तर १ जुलै २०२२ पासून कायदाच केला: ग्राहकाला वेबसाइटवर असा चालू राहणारा करार करता येत असेल, तर तो मोडायचं बटणही तिथेच ठळक दिसलं पाहिजे. एक बटण दिसावं म्हणून कायदा करावा लागतो, आणि तू स्वतःच्या डोक्याला दोष देतोयस.

आता उपाय. मोफत चाचणी सुरू केलीस की त्याच बैठकीत ती रद्द करून टाक. बहुतेक सेवा मुदत संपेपर्यंत चालूच राहतात. काही मात्र लगेच बंद करतात, म्हणून रद्द करतानाच्या पानावर ‘अमुक तारखेपर्यंत वापरता येईल’ अशी ओळ आहे का ते बघ. फोनवरून घेतलेलं सदस्यत्व बऱ्याचदा त्या ॲपमध्ये सापडतच नाही. ते ॲप स्टोअरच्या किंवा प्ले स्टोअरच्या तुझ्या खात्यात, सबस्क्रिप्शनच्या यादीत असतं. आणि ॲप फोनवरून उडवलं म्हणजे सदस्यत्व संपलं, असं अजिबात नाही. पैसे निमूटपणे कापले जात राहतात. रद्द झाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट काढ आणि पुष्टीचा मेल आला का तेही बघ. पुढे वाद झालाच तर तोच कामाला येतो.

याच ओघात एक गोष्ट बजावून सांगतो. ग्राहकसेवेचा नंबर कधीही सर्चमध्ये शोधून लावू नकोस. वैतागलेला माणूस घाईत असतो, हे भामट्यांना पक्कं ठाऊक आहे. खोटे नंबर वरच्या निकालांत दिसतील अशी सोय ते करून ठेवतात. नंबर घ्यायचा तो बिलावरून, कार्डाच्या मागून किंवा खुद्द ॲपमधून. पलीकडच्याने ‘स्क्रीन दिसू द्या’ म्हणून एखादं ॲप टाकायला सांगितलं किंवा ओटीपी विचारला, तर एक शब्दही न बोलता फोन ठेव. शिष्टाचार गेला उडत.

पासवर्डची गोष्ट तर याहून भारी. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी नवा, हा जो जाच आहे ना, त्याचं मूळ बरंचसं एका दस्तऐवजात आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत बिल बर नावाचे अधिकारी होते. त्यांनी २००३ मध्ये पासवर्डांबद्दलचं मार्गदर्शन लिहिलं आणि जगभरच्या कार्यालयांनी ते ब्रह्मवाक्य मानलं. झालं काय, तर लोक शेवटचा १ काढून २ करायला लागले, एस ऐवजी डॉलरचं चिन्ह टाकायला लागले, आणि या सवयी पासवर्ड फोडणाऱ्यांना केव्हाच पाठ झाल्या. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की आपण तेव्हा जे सांगितलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टने नियम बदलले. लांबी महत्त्वाची, चिन्हांची सक्ती नको, उगाच ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत तो आहे का तेवढं तपासा. शिवाय पासवर्ड पेस्ट करू द्या, हेही. तरी तुझ्या त्या कुठल्याशा संकेतस्थळाला पेस्ट चालत नाही. त्यांच्यापर्यंत २०१७ साल अजून पोचलेलं दिसत नाही.

तू एवढंच कर. एक चांगला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात जपणारं ॲप, घे आणि बाकीचं सगळं त्याच्या डोक्यात राहू दे. तुझ्या डोक्यात फक्त त्याचा मुख्य पासवर्ड: एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच शब्द, सलग. ‘पहिल्या शाळेचं नाव काय’ असल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायची गरज नाही. बिनधास्त काहीतरी भलतंच लिही आणि तेही मॅनेजरमध्ये नोंदव. खरं उत्तर तुझ्या निम्म्या ओळखीच्यांना माहीत असतं. सगळ्यात जास्त जपायचा तो मेलचा पासवर्ड, कारण बाकी प्रत्येक खात्याची ‘पासवर्ड विसरलात?’ची वाट तिथूनच जाते. त्याला दुहेरी पडताळणी लाव, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारला जाईल. मेसेजवरच्या कोडपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) बरं, कारण सिम दुसऱ्याच्या नावावर फिरवून मेसेज पळवता येतात. आणि खाते परत मिळवायचे जे कोड देतात, ते कागदावर लिहून ठेव. हो, कागदावर! फोन हरवला की फोनमध्ये ठेवलेले कोड काय कामाचे?

कुठे ‘पासकी’ची, म्हणजे फोनचं कुलूप उघडतो तसं बोटाच्या ठशाने किंवा पिनने खातं उघडायची, सोय दिसली तर ती घे. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी २०२२ मध्ये तिला एकत्र पाठिंबा जाहीर केला. तिच्यात टंकायचा पासवर्डच नसतो, त्यामुळे खोट्या पानावर तो देऊन बसायचा प्रश्न येत नाही. तुझा मेलचा पत्ता कुठल्या डेटाचोरीत सापडलाय का ते बघायला ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञांचं ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ आहे, २०१३ पासून. बघ, पण निकाल पाहून घाबरू नकोस. कुठल्या खात्याचा पासवर्ड बदलायचा तेवढं त्यातून कळतं.

आता यंत्राच्या स्वभावाकडे येतो. तुझी केबल. यूएसबी-सी म्हणजे फक्त तोंडाचा आकार. पोटात काय आहे ते बाहेरून कळत नाही. साधी केबल ६० वॅटपर्यंत वीज नेते. त्याहून जास्त हवी तर केबलमध्ये ओळख सांगणारी एक चिप लागते, आणि अशा केबली २४० वॅटपर्यंत जातात. डेटाचंही तसंच. फोनबरोबर आलेल्या कितीतरी केबली अजून जुन्या यूएसबी २.० च्या सेकंदाला ४८० मेगाबिटवरच चालतात, म्हणून तुझे व्हिडिओ कॉपी व्हायला युग लागतं. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना हेच तोंड सक्तीचं केलं, ते उत्तमच झालं. पण एकसारख्या दिसणाऱ्या केबलींचा गुंता त्याने सुटत नाही. चांगल्या केबलीला रंगीत चिकटपट्टी लाव. यापेक्षा हुशार उपाय मला माहीत नाही.

बॅटरी शून्यावर उतरवून मगच चार्ज करायची, हा सल्ला तुला अजून कोण देतं? तो निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. लिथियम-आयनला खोल उतरणं आवडत नाही, शंभरावर तासन्‌तास बसून राहणंही आवडत नाही, आणि उष्णता तर मुळीच नाही. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर लाव, उशीखाली फोन ठेवून चार्ज करू नकोस, आणि मग विसरून जा. टक्के मोजत बसायला आपण फोन घेतलेला नाही.

इथे दोन्ही जातींची सरमिसळ कशी होते तेही बघ. बॅटरी म्हातारी होणं हे रसायन. पण जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला जातोय, हे ॲपलने उघडपणे मान्य केलं ते डिसेंबर २०१७ मध्ये, लोकांनी वेग मोजून दाखवल्यावर. तोवर किती जणांनी ‘फोन जुना झाला’ म्हणून नवा घेतला असेल! २०२० मध्ये त्यावरून ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. तेव्हा फोन मंद वाटला की आधी सेटिंगमध्ये बॅटरीचं आरोग्य बघ. ती बदलून काम भागतं का हे ठरव, नव्या फोनचा विचार त्यानंतर.

२५६ जीबीची डिस्क २३८ दिसते, त्यात कुणी चोरी केलेली नाही. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. इंटरनेटचे १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भाग, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तेवढंच उतरणार. वाय-फायचे नेहमीचे दोन पट्टे (रेडिओलहरींचे) असतात: २.४ गिगाहर्ट्‌झ भिंतींपलीकडे पोचतो पण गर्दीचा, ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान पण जवळचा. राउटर कपाटात कोंडून ठेवू नकोस, उंचावर मोकळा ठेव. मायक्रोवेव्ह चालू असताना कॉल तुटत असेल तर तोही भास नव्हे, ते यंत्रही २.४५ वरच चालतं.

फोटोंबद्दल मात्र कळकळीने सांगतो. तू म्हणतोस, ‘सगळं क्लाउडवर आहे, चिंता नाही.’ चिंता आहे. सिंक (दोन्हीकडे सारखंच ठेवणं) म्हणजे बॅकअप (वेगळी राखीव प्रत) नव्हे. फोनवर पुसलेला फोटो क्लाउडवरूनही पुसला जातो आणि काही दिवस कचरापेटीत राहून कायमचा जातो. जुनी शिकवण आहे, तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. एक बाहेरची हार्ड डिस्क आण आणि अधूनमधून सगळं तिच्यावर उतरवून ती काढून ठेव. कायम जोडलेली ठेवलीस तर संगणकाला जे होईल ते तिलाही होईल. आणि कधीतरी त्यातला एखादा फोटो उघडून बघ. उघडतच नसेल तर तो बॅकअप कसला?

राहिला तुझा रोबो. त्याच्याशी वाद घालू नकोस, ‘माणसाशी बोलायचंय’ एवढंच पुन्हापुन्हा टाक. माणूस आला की पहिल्याच निरोपात सगळं दे: उपकरण कुठलं, आवृत्ती कुठली, काय केलंस, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि ‘बंद करून चालू केलंय’ हेही. ते वाक्य आधीच टाकलं की त्यांच्या पोपटपंचीचं पहिलं पान वगळलं जातं. पण खरंच बंद करून चालू कर हं. कित्येक प्रोग्रॅम मेमरी घेतात आणि परत करायला विसरतात, कुठलंतरी काम अर्ध्यावर अडकून बसतं. पुन्हा चालू केल्यावर पाटी कोरी होते, म्हणून तो उपाय इतक्या वेळा लागू पडतो. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय चॅट बंद करू नकोस, आणि होता होईल तो फोनपेक्षा लेखी मार्ग धर. बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

त्या सदस्यत्वाचं काय झालं ते कळव. बटण सापडलं नाही तर पानाचा स्क्रीनशॉट पाठव, दोघं मिळून शोधू.

तुझाच,
जुना दोस्त

ता. क. ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं की परत येतो. मागच्या मेलमध्ये त्याबद्दल जे अर्धं पान शिव्या घातल्यास, त्या दुसऱ्या कशासाठी तरी राखून ठेव. प्रिंटर आहेच.