वहिनी, चित्रावर सही तेवढी माझी

ती. वहिनींस,
सा. न.

तुम्हाला पत्र लिहायची वेळ आजवर आली नव्हती. फोन आहे, आणि फोनवर तुम्ही कामापुरतंच बोलता. "भाऊजी, उद्या राब पेटवतोय," म्हणजे भाताचं रोप वाढवायची जागा उद्या भाजणार, एवढं सांगून ठेवून देता. तेवढ्यावर मी नाशकातली कामं टाकून निघतो. समोर बसून आभार मानायला गेलो तर तुम्ही चहा ठेवायच्या निमित्ताने आत जाणार, म्हणून हे चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. दादाला मोठ्याने वाचायला सांगा आणि मध्येच उठू नका.

निमित्त परवा संपलेल्या प्रदर्शनाचं. आवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकती झालेल्या खाचरांचं जे जलरंगातलं चित्र तुम्ही पाहिलं होतं, त्याच्यापुढे बरेच जण थांबत आणि विचारत, पावसाळ्यात भात असं पिवळट कसं? मी सांगत होतो ते शब्द तुमचे होते. राबातून उपटलेलं रोप चिखलात लावलं की काही दिवस ते मलूल, पिवळसर दिसतं. "अजून जीव धरला नाही" म्हणता तुम्ही. मुळं धरली की खाचरं झपाट्याने हिरवी होतात आणि मग सगळा त्र्यंबक तालुका फोटोत दिसतो तसा दिसायला लागतो. त्या मधल्या दिवसांत खाचरात अजून पाणी दिसतं, पाण्यात ढग दिसतात आणि त्यावर लेमन यलोत जेमतेम थेंबभर निळा मिसळलेल्या रोपांच्या ओळी. मला ते दिवस हिरव्यागार श्रावणापेक्षा जास्त आवडतात. पण नाशकात बसून ते नेमके कधी येणार हे कळणार कसं? तुम्ही कळवता म्हणून कळतं.

राबाचं तर सगळंच तुमच्याकडून आलेलं. निसर्गचित्र काढणारी माणसं एप्रिल-मेमध्ये आपल्या भागात फिरकत नाहीत. उन्हाळ्यात काय आहे तिथे, असं मला एका चित्रकार मित्राने विचारलंही होतं. आहे काय तर तपकिरी माळ, फांद्या उतरवलेली ऐनाची झाडं आणि उतारावर मध्येच काळे चौकोन. शेण, वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर, असा राब रचून तो भाजायचा, म्हणजे तणाचं बी जळतं आणि राखेवर रोप जोमाने येतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण राबाचा काळा रोज बदलतो, हे तुमच्याबरोबर बांधावर उभं राहिल्यावर दिसलं. पेटवल्याच्या दुसऱ्या दिवशी वर राखेची पांढुरकी साय असते. वारा लागला की ती उडते आणि खालचा करडा उघडा पडतो. वळवाचा शिडकावा झाला की तोच चौकोन ओल्या कातळाइतका काळा होतो. ट्यूबमधला काळा रंग यातल्या एकाही दिवशी चालत नाही. मी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना कागदावरच एकमेकांत सोडतो. राखेच्या दिवशी सिएना जास्त आणि पाणी भरपूर, पावसानंतर निळा जास्त आणि पाणी कमी. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत दाणेदार बसतात, त्यामुळे भाजलेल्या मातीचा खरखरीतपणा आपोआप येतो. पण आज पाणी किती घ्यायचं, हे राब पेटवून किती दिवस झाले यावर ठरतं, आणि ते मी तुम्हालाच विचारतो.

उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट हात, लावता लावता वाळतो, कडा उमटतात, हात चालवावा लागतो. पावसाळ्यात याच्या बरोबर उलट. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आपल्याकडेही धो धो, आणि आपल्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या नाशकात सातशेच्या आसपास. शहरातल्या खोलीत अर्ध्या तासात वाळणारा आकाशाचा वॉश आपल्या पडवीत दुपारभर ओलाच राहतो. त्यावर डोंगर चढवावा तर तो आकाशात पसरतो. पसरलेला डोंगर कधी कधी झकास दिसतो, पण दर वेळी नाही. तुम्ही एकदा काही न बोलता माझा बोर्ड उचलून चुलीपासून हातभर लांब, भिंतीला टेकवून ठेवलात. भाकरी थापता थापता त्यावर लक्षही ठेवलंत. तेव्हापासून पावसाळी चित्रांचा पहिला थर चुलीच्या उबेवर वाळतो. त्या कागदांना धुराचा वास येतो. एका गृहस्थांनी चित्र विकत घेताना नाक जवळ नेलं आणि हा वास कसला म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी किंमत कमी करा म्हटलं नाही, हे विशेष.

पडवीतून अंजनेरीचा डोंगर दिसेनासा झाला की पाऊस लवकरच दारात, हे तुमचं गणित. माझ्यासाठी ते वेळापत्रक आहे. आपले डोंगर लाव्हाच्या थरावर थर साचून झालेले. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. ढग उतरतो तो या पायऱ्यांवर अडकत अडकत. वरचा कडा गेला की मी कागद भिजवतो, मधला पुसट झाला की रंग सोडतो आणि खालची झाडं दिसत असतानाच ब्रश खाली ठेवतो. पांढरा रंग मी वापरत नाही, ढगासाठी कोरा कागदच राखावा लागतो. तेवढ्यात पोरं बोर्डाभोवती जमली तर त्यांना हाकलायचं कामही तुमच्याकडेच असतं.

नाशकात जलरंगाची परंपरा मोठी. शिवाजीराव तुप्यांसारख्या चित्रकारांनी इथली निसर्गचित्रं दूरवर पोचवली. गोदाकाठची चित्रं आजही सहज खपतात. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, दुतोंड्या मारुती, पायऱ्यांवरच्या ओल्या साड्या. मीही काढतो, घर त्यावरच चालतं. पण घाटावर मला कुणी सांगणारं लागत नाही. देऊळ आज जिथे आहे तिथेच उद्या असतं. शेताचं तसं नाही. परवा दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांत बसलो होतो. पानांवर बोर्डोची फवारणी झालेली, मोरचूद आणि चुन्याचा तो निळसर पांढरा रंग कुठल्याही पेटीत सापडत नाही. मोह पडला होता. पण तिथे माझं कुणी नाही, आज फवारलंय की चार दिवसांपूर्वी, हे विचारायला कुणी नव्हतं. चित्र बरं झालं, पण मनातून उतरलं.

कारण माझं चित्र पूर्ण झालं की नाही हे ठरवायची माझी एक पद्धत आहे, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. मी कागद पडवीच्या खांबाला लावतो आणि तुमची वाट बघतो. तुम्ही हात पदराला पुसत येता आणि चित्राबद्दल एक अक्षर बोलत नाही. म्हणता, "हे वरचं आपलं, हे धाकल्या काकांचं. काकांनी यंदा नागलीला उशीर केला, नाही?" मी खाचर म्हणून रंगाचे तीन फटकारे मारलेले असतात. त्यातला एक जरा फिका पडलेला असतो, त्यावरून तुम्ही उशीर ओळखता. तुम्ही असं काही ओळखलंत की मी ब्रश धुतो. तुम्ही नुसतं "छान आहे" म्हणालात, तर ते चित्र मी नाशकात आल्यावर ट्रंकेत टाकतो. सध्या ट्रंक बरीच भरलीय.

प्रदर्शनात नावाच्या पाटीवर जागा एकाच नावाची असते. तुमचं नाव इथेही लिहिलं नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून. पण ज्यांनी चित्रं पाहिली त्यांना एवढं कळावं, की त्यातला कुठलाही रंग उगाच तसा नाही. राब भाजला म्हणून तो चौकोन काळा, पावसात वाकून आवणी केली म्हणून ते पाणी ओळींनी कापलेलं. आणि ते करणाऱ्या हातांनीच मला फोन लावलेला होता. वहिनी, मनापासून आभार.

आता पुढचं. उतारावरच्या वरकसात खुरासणी (कारळा) फुलायला लागली की कळवा. मागच्या साली ऐन फुलोऱ्यात पाऊस झाला आणि पिवळा अर्धाच मिळाला, त्यामुळे यंदा दोन दिवस आधीच येऊन बसेन. आवणीचं चित्र गेलं, त्याचे पैसे आलेत. त्यातून पडवीचे पत्रे बदलायचे असं दादाशी बोललोय, तुम्ही मोडता घालू नका. पडवी नेमकी गळते तिथेच माझा बोर्ड असतो, तेव्हा यात माझा स्वार्थ आहेच.

तुमचा धाकटा दीर,
नाशिक